कोचला पगार नसतो: लिटल लीगमधल्या स्वयंसेवकांचा मान कसा राखावा

जानेवारीच्या थंडीत मुलगा शाळेतून एक कागद घेऊन येतो. अमेरिकेतल्या लिटल लीगची, म्हणजे मुलांच्या बेसबॉलची, नोंदणी सुरू झालेली असते. आपण फी भरतो, टोपी आणि जर्सी मिळते, एप्रिल उजाडला की शनिवारी सकाळी मुलाला मैदानावर सोडतो आणि आठवड्याची भाजी आणायला निघून जातो. डोक्यात हिशेब पुण्या-मुंबईतल्या क्रिकेट अकॅडमीचा असतो. फी भरली, आता सर बघून घेतील.

माझंही असंच झालं. पहिल्या हंगामात आम्ही दोन आठवडे भारतात जाणार होतो, म्हणून मी कोचना सरळ विचारलं की तेवढ्या दिवसांची फी परत मिळेल का. ते शांतपणे म्हणाले, "फी माझ्याकडे येत नाही. तो सहा नंबरची जर्सी घातलेला मुलगा दिसतो ना, त्याचा मी बाबा." ते रात्रपाळी करून थेट मैदानावर आले होते, हे मला दुसऱ्या एका आईकडून नंतर कळलं. त्या दिवशी मला जे वाटलं ते आजही आठवतं. त्यानंतर नऊ हंगाम मी याच मैदानांवर काढले. नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी हा लेख त्यातूनच लिहिते आहे. या माणसांना ओळखायचं कसं, त्यांचे आभार मानायचे कसे, सत्कार करायचा तर कोणत्या पद्धतीने, हे सगळं क्रमाने सांगते.

पहिली पायरी: हा क्लास नाही, हे पक्कं करा

लिटल लीग सुरूच झाली ती बिनपगारी माणसांच्या हातून. पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ आपल्या लहान भाच्यांबरोबर चेंडू खेळत असत. मोठ्यांचं मैदान मुलांना झेपत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. गावातल्या पोरांना गोळा करून त्यांनी अंतरं कमी-जास्त करून पाहिली आणि दोन बेसमधलं, म्हणजे धावताना गाठायच्या दोन टप्प्यांमधलं, अंतर ६० फुटांवर आणलं. मोठ्यांच्या खेळात ते ९० फूट असतं. गणवेशांसाठी पैसे हवे होते, म्हणून त्यांनी गावातले धंदेवाले पालथे घातले, कितीतरी नकार पचवले, आणि शेवटी लायकमिंग डेअरीने होकार दिला. ६ जून १९३९ रोजी पहिला सामना झाला. लंडी लंबर या संघाने लायकमिंग डेअरीला २३-८ असं हरवलं. पहिल्या वर्षी संघ तीनच होते. एक स्टॉट्झ सांभाळत, उरलेले दोन बर्ट आणि जॉर्ज बेबल या भावांकडे होते.

आज ८०हून अधिक देशांत लिटल लीग खेळली जाते. तरी गावातली लीग बघितली तर ती अजून तशीच चालते. शेजारपाजारची नोकरी-धंदा करणारी माणसं संध्याकाळी पाचनंतर मैदानावर येतात आणि ती चालवतात. तुमच्या फीमधून विमा, जर्सी, चेंडू, मैदानाचा खर्च, काही ठिकाणी अंपायरचं मानधन, असं सगळं भागतं. कोचच्या खिशात त्यातलं काही जात नाही. उलट बऱ्याचदा त्यांच्याच खिशातून पैसे जातात. त्याबद्दल पुढे सांगते.

आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मंडळात जो माणूस मांडवाच्या बांबूपासून विसर्जनाच्या ट्रकपर्यंत सगळं बघतो, त्याला कोणी पगार विचारत नाही. इथल्या लीगचा अध्यक्ष अगदी तोच माणूस आहे. हे एकदा मनात बसलं की पुढच्या निम्म्या गोष्टी आपोआप सुचतात.

दुसरी पायरी: कोण काय करतं ते शोधून काढा

आभार मानताना नवे पालक हमखास एक चूक करतात. त्यांना फक्त कोच दिसतो. बाकीची माणसं कुंपणाच्या मागे, सामानाच्या शेडमध्ये किंवा रात्री अकरा वाजता लॅपटॉपसमोर असतात. म्हणून हंगामाच्या पहिल्या दोन आठवड्यांतच लीगच्या संकेतस्थळावर जाऊन कार्यकारिणीचं पान वाचा. नावं लिहून घ्या, उच्चार कसा करायचा तेही विचारून घ्या. आपली नावं इथले लोक चुकीची घेतात तेव्हा आपल्याला काय वाटतं हे आपल्याला ठाऊक आहेच.

लिटल लीगच्या भाषेत संघप्रमुखाला मॅनेजर म्हणतात आणि त्याच्या मदतनिसांना कोच. बोलताना सगळेच सगळ्यांना कोच म्हणतात, आणि ते चालतं. पण मानपत्रावर लिहिताना पद नीट लिहा.

स्कोअर लिहिणाऱ्या व्यक्तीशेजारी एक जण हातात छोटं मोजणी यंत्र घेऊन बसलेला दिसेल. तो पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, टाकलेला प्रत्येक चेंडू मोजतो. २००७ पासून लिटल लीगमध्ये पिचरवर चेंडूंची मर्यादा आहे. ११-१२ वर्षांच्या मुलाला एका दिवसात जास्तीत जास्त ८५ चेंडू टाकता येतात, ९-१० वर्षांच्याला ७५. ६६ किंवा त्याहून जास्त चेंडू टाकले तर चार दिवस विश्रांती घ्यावीच लागते. वाढत्या वयात खांदा आणि कोपर जपण्यासाठी हा नियम आहे. तुमच्या मुलाचा हात अठराव्या वर्षीही धड राहिला तर त्यात या मोजणाऱ्या आई-बाबांचा वाटा असतो. तरी हंगाम संपताना त्यांचं नाव कोणीही घेत नाही.

प्लेयर एजंट हे पद आपल्याला अगदी अनोळखी. ट्रायआउट म्हणजे निवड चाचणी घेणं, कुठलं मूल कुठल्या संघात जाईल त्या निवडीवर देखरेख ठेवणं, मधेच कोणी सोडून गेलं तर दुसरं मूल आणणं, ही त्यांची कामं. माझ्या पाहण्यातलं हे सगळ्यात जास्त बोलणी खाणारं पद. आपल्या मुलाला मित्राच्या संघात का टाकलं नाही, म्हणून येणारे सगळे फोन यांनाच.

सेफ्टी ऑफिसर प्रथमोपचाराच्या पेट्या भरतो, सुरक्षेची योजना लिहितो, विजा कडाडल्या की मैदान रिकामं करायला लावतो. खजिनदार पावत्या सांभाळतो. वेळापत्रक लावणारी व्यक्ती पावसाने बुडालेले सामने पुन्हा बसवते, आणि पूर्वेकडच्या राज्यांत एप्रिल-मे म्हणजे काय ते तुम्हाला कळेलच.

आणि मग मैदानवाले. शनिवारी पहिला सामना नऊला असेल तर ते साडेसहाला येतात. दाताळं फिरवून माती सारखी करतात, रात्री पाऊस झाला असेल तर डबकी उपसतात, फक्की मारून रेषा आखतात, बेस बसवतात, पिचरची पट्टी फलंदाजाजवळच्या होम प्लेटपासून बरोबर ४६ फुटांवर आहे ना ते बघतात. आपण पोचतो तेव्हा मैदान "तयार" असतं. ते कोणी तयार केलं हा प्रश्नच डोक्यात येत नाही. एकदा तरी साडेसहाला जाऊन बघा. सोबत गरम कॉफीचा मोठा डबा न्या. शब्दांत आभार मानायची गरज पडणार नाही.

स्नॅक शॅकमध्ये, म्हणजे मैदानावरच्या खाऊच्या टपरीत, उभे राहणारे, संघातल्या पालकांना निरोप देणारे टीम पेरेंट, उद्घाटनाच्या दिवशीची मिरवणूक ठरवणारे, प्रायोजकांच्या दारात जाणारे हेही आहेतच. अनेक लीग मिळून एक डिस्ट्रिक्ट होतं. त्या लीगनी निवडून दिलेला डिस्ट्रिक्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरसुद्धा बिनपगारीच. ऑगस्टमध्ये साउथ विल्यम्सपोर्टला लिटल लीग वर्ल्ड सिरीज होते, टीव्हीवर दिसते. तिथले अंपायरही स्वयंसेवकच असतात.

तिसरी पायरी: हंगाम चालू असतानाच मान द्या

जूनमधल्या समारंभाची वाट बघू नका. जो माणूस एप्रिलमध्ये कंटाळून सोडून जातो, त्याला जूनमधला सत्कार मिळतच नाही.

वेळेवर पोचा आणि वेळेवर न्यायला या. सराव सहाला संपतो आणि आपण साडेसहाला येतो, तेव्हा कोच तुमच्या मुलासोबत तिथे थांबलेला असतो आणि त्याच्या घरचं जेवण लांबलेलं असतं. येणार नसाल तर आदल्या दिवशी कळवा. नऊ मुलं नसली की संघ अडचणीत येतो. सामना संपल्यावर मुलाला सांगा की कोचसमोर जाऊन, डोळ्याला डोळा देऊन "थँक यू, कोच" म्हणायचं. आपल्या मुलांना वाकून नमस्कार करायला आपण शिकवतो, हे त्याच्याच जोडीला शिकवायचं. डगआउटमधला, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेतला, कचरा उचलून मगच बाहेर पडायचं.

अंपायरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त अपमान त्यांचाच होतो. किती ठिकाणी तर प्लेटमागे उभा असलेला अंपायर पंधरा-सोळा वर्षांचा हायस्कूलचा मुलगा असतो. टाकलेला चेंडू बॉल (चुकीचा) की स्ट्राइक (बरोबर) यावरून कुंपणामागून मोठी माणसं त्याच्यावर ओरडतात. न्यू जर्सीतल्या डेप्टफर्ड टाउनशिपच्या लिटल लीगने २०२३ साली यावर नियमच केला. अंपायरवर आरडाओरडा करून नियम मोडणाऱ्या प्रेक्षकाने आधी तीन सामन्यांत स्वतः अंपायरिंग करायचं, मगच पुन्हा सामना बघायला यायचं. शिव्या खाऊन अंपायर काम सोडून चालले होते, म्हणून ही वेळ आली. तेव्हा आपण काय करायचं? ओरडायचं नाही, हे तर आलंच. शिवाय सामना संपल्यावर दोन्ही संघ हात मिळवत असतात, तेव्हा अंपायर एकटाच मास्क काढून गाडीकडे निघालेला असतो. त्याला गाठून थंड पाण्याची बाटली द्या आणि "चांगलं केलंत" म्हणा. आपला संघ हरला असेल त्या दिवशी तर आवर्जून.

एप्रिलमध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक सप्ताह असतो. तो नेमका हंगामाच्या मध्यावर किंवा सुरुवातीला येतो. त्या आठवड्यात मुलांकडून एकेक ओळीच्या चिठ्ठ्या लिहून घेऊन शेडच्या दारावर लावता येतात. खर्च शून्य. आमच्या मैदानावर एका वर्षी लावल्या होत्या. मैदान आखणाऱ्या आजोबांनी त्यातली एक नीट घडी करून पाकिटात ठेवली, आणि पुढच्या वर्षीही ती तिथेच होती.

चौथी पायरी: आधी पदरमोड भरून द्या, मग भेटीचं बघा

सरावाला चेंडू कमी पडले म्हणून कोचने स्वतःच्या पैशांनी डझनभर आणलेले असतात. कोणाकडे हेल्मेट नव्हतं, त्यांनी आणून दिलेलं असतं. पावसाने चिखल झाला, त्यावर टाकायला मातीच्या गोण्या त्यांनीच विकत आणलेल्या असतात. कोच स्वतः हे कधीच सांगणार नाहीत. टीम पेरेंटने हळूच विचारायचं, पावत्या मागायच्या, आणि लीगकडून किंवा पालकांच्या वर्गणीतून ते पैसे आधी द्यायचे. पाचशे रुपयांची उधारी ठेवून माणसाला शाल पांघरण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशांचे दोन नियम माहीत असू द्या. स्वयंसेवकाला आपल्या वेळेची किंमत करातून वजा करता येत नाही. पण तपशीलवार वजावटी दाखवणाऱ्याला, लीग करमुक्त धर्मादाय संस्था असेल तर तिच्यासाठी स्वतः केलेला आणि कोणी भरून न दिलेला खर्च दाखवता येतो, गाडीच्या प्रवासासाठी मैलाला १४ सेंट या दराने. हे अनेकांना माहीत नसतं, खजिनदाराने हंगामाच्या सुरुवातीलाच सांगितलं तर बरं. दुसरं म्हणजे लीगच्या खात्यातून स्वयंसेवकांना रोख रक्कम किंवा गिफ्ट कार्ड देऊ नका. गिफ्ट कार्ड करखात्याच्या दृष्टीने रोख रकमेसारखंच असतं. शिवाय स्वयंसेवकांना कायदेशीर जबाबदारीपासून संरक्षण देणारा १९९७ चा एक केंद्रीय कायदा आहे. मोबदल्याच्या बदली वर्षाला ५०० डॉलरहून जास्त किमतीचं काही घेतलं तर त्या कायद्याच्या लेखी तो माणूस स्वयंसेवक राहत नाही. लीगने स्मृतिचिन्ह द्यावं. पालकांनी आपापसात वर्गणी काढून वैयक्तिक भेट दिली तर ती गोष्ट वेगळी.

वर्गणी काढताना आकडा सांगू नका. "ज्याला जमेल तेवढं, नाही जमलं तरी हरकत नाही" असं लिहा आणि कोणी किती दिले याची यादी फिरवू नका. कार्डावर मात्र संघातल्या प्रत्येक मुलाचं नाव हवं.

भेट काय द्यावी? माझ्या अनुभवात सगळ्यात जपून ठेवली जाते ती मुलांनी सह्या केलेली वस्तू. नवा कोरा बेसबॉल घ्या. सही साध्या निळ्या बॉलपेननेच करायची. मार्करची शाई चामड्यात पसरते आणि काही वर्षांत अक्षरं पुसट होतात. शिवणी जिथे सर्वांत जवळ येतात तो चिंचोळा भाग मोकळा सोडा. तिथे पूर्वापार एकट्या मॅनेजरच्या सहीचा मान असतो. तिथे वर्ष आणि संघाचं नाव लिहा, सह्या भोवताली. बारा मुलांना एका चेंडूवर सह्या करायला लावणं सोपं नाही, सरावाच्या आधी दहा मिनिटं काढा आणि एका मोठ्याने चेंडू धरून बसा. मुलं अगदीच लहान, टी-बॉलची (खांबावर ठेवलेला चेंडू मारणारी) असतील तर चेंडूऐवजी जुनी होम प्लेट मागून घ्या. ती १७ इंच रुंद असते, वेडीवाकडी मोठी अक्षरंही तीत मावतात. प्लेट रबराची असल्याने तिच्यावर मात्र मार्कर चालतो.

खाऊ नेणार असाल तर आधी विचारा. शेंगदाणा किंवा काजूची अ‍ॅलर्जी असलेलं मूल संघात असू शकतं. उन्हाळ्यात आजी आलेल्या असतात, त्या हौसेने डबाभर लाडू करतात. ते कोचच्या घरी पोचवा, आत काय काय आहे ते चिठ्ठीवर लिहून. डगआउटमध्ये मुलांसमोर उघडू नका.

पाचवी पायरी: नेमकं लिहा

"तुमच्या कष्टांबद्दल मनःपूर्वक आभार" असं कार्डावर लिहून काही होत नाही. ते कुणालाही लिहिता येतं. मुलाला शेजारी बसवा आणि विचारा: कोचनी सांगितलेलं तुला काय आठवतं? कधी रडू आलं होतं का? तेव्हा ते काय म्हणाले? मग तेच लिहू द्या. एका मुलीने लिहिलं होतं, "मी तीन वेळा स्ट्राइक आउट (बाद) झाले तेव्हा तुम्ही म्हणालात की तिसऱ्या वेळी तुझी नजर चेंडूवर होती. नंतर मला बॉल मारता आला." चार ओळी, व्याकरणाची एक चूक. ते कार्ड कोचच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर दोन वर्षं होतं.

पालक म्हणून तुमची वेगळी चिठ्ठी द्या, आणि ती कोचच्या घरच्यांनाही उद्देशून लिहा. जो माणूस आठवड्यातले चार दिवस मैदानावर असतो, त्याच्या घरी कोणीतरी एकटं धाकट्याला आंघोळ घालत असतं, जेवण झाकून ठेवत असतं. त्या व्यक्तीचं नाव चिठ्ठीत असू द्या. मॅनेजरच्या स्वतःच्या मुलालाही विसरू नका. बाबा सगळ्यांचे कोच असतात तेव्हा त्या पोराच्या वाट्याला घरचा बाबा कमीच येतो.

हायस्कूलचे जे विद्यार्थी अंपायरिंग करतात, किंवा अपंग मुलांसाठी १९८९ पासून चालणाऱ्या चॅलेंजर विभागात जोडीदार म्हणून उभे राहतात, त्यांना कशाचा उपयोग होतो? सहीशिक्क्याच्या पत्राचा. किती तास, कुठलं काम, एखादा नेमका प्रसंग, आणि खाली लीगच्या पदाधिकाऱ्याची सही. शाळेला आणि पुढे कॉलेजच्या अर्जाला ते लागतं. ट्रॉफीपेक्षा हे पत्र वेळेवर मिळणं त्यांना जास्त मोलाचं.

सहावी पायरी: लीगचा सत्कार समारंभ ठरवायचा असेल तर

कार्यकारिणीने तुम्हाला समारोपाच्या दिवसाची जबाबदारी दिली, तर निदान सहा आठवडे आधी कामाला लागा. जून अर्धा सरला की ऑलस्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या, संघांचे सामने सुरू होतात आणि निम्मे लोक मिळत नाहीत, म्हणून तारीख त्याच्या आधीची धरा.

पहिलं काम नावांची यादी. प्रत्येक संघाच्या टीम पेरेंटकडून मागवा, मग गेल्या वर्षीच्या यादीशी ताडून बघा, मग शेड, स्नॅक शॅक आणि वेळापत्रक यांच्याकडून वेगळी घ्या. एखादं नाव सुटलं तर बाकी सगळा समारंभ त्या माणसासाठी कडू होतो. मी एकदा पिच काउंट करणाऱ्या एका आईचं नाव विसरले होते. माफी मागितली, त्या हसल्या, पण पुढच्या हंगामात आल्या नाहीत. तेव्हापासून यादी तीन जणांनी वाचल्याशिवाय छापायला देत नाही.

समारंभ मुलांचा आहे हे ध्यानात ठेवा. चाळीस मिनिटांहून जास्त लांबवू नका. आपल्याकडे व्यासपीठावर दहा पाहुणे आणि प्रत्येकाचं मनोगत, ही सवय इथे आणू नका. ऊन असतं, मुलं भुकेलेली असतात. सगळ्या स्वयंसेवकांना मैदानात, बेसच्या रेषांवर उभं करा, मुलांना कुंपणापाशी, आणि एकेक नाव कामासह घ्या: "या शेडची किल्ली सांभाळतात", "यांनी या वर्षी पावसात वाहून गेलेले सामने पुन्हा बसवले". लीग सोडून चाललेल्यांसाठी प्रत्येकी दोन मिनिटं वेगळी ठेवा. त्यांचं मूल तेरा वर्षांचं होऊन पुढे गेलेलं असतं आणि तरी ते दोन वर्षं थांबलेले असतात. अशा माणसाला पुढच्या वर्षी उद्घाटनाच्या दिवशी पहिला चेंडू टाकायला बोलवा. हा मान बेसबॉलमधला आहे, त्याला भाषांतर लागत नाही.

शाल-श्रीफळाचं काय, असं मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. माझं उत्तर: संघ तुमचा असेल आणि मराठी कुटुंबं पुढाकार घेत असतील तर शाल जरूर द्या, पण आधी दोन वाक्यांत सांगा की आमच्याकडे गुरूला आणि समाजासाठी झिजणाऱ्याला असा मान देतात. काय चाललंय हे न कळता माणूस अवघडतो, कळलं की त्याचे डोळे भरून येतात. नारळ घरी गेल्यावर फोडायचा कसा, हेही सांगा. लीगच्या सर्वांसाठीच्या समारंभात मात्र सगळ्यांना सारखंच चिन्ह असू द्या.

एखाद्याच्या नावाचा बाक किंवा फलक लावायचा असेल तर मैदान कोणाच्या मालकीचं आहे ते आधी बघा. बहुतेक मैदानं शहराच्या पार्क विभागाची किंवा शाळेची असतात, लीग ती फक्त वापरते. परवानगीशिवाय फलक लावला तर तो काढून ठेवतात, आणि ज्याचा सन्मान करायचा त्याचाच अपमान होतो. अर्ज हिवाळ्यात करा. अनेक शहरांत नगरपरिषदेकडून मानपत्रही मिळतं. त्यासाठी परिषदेच्या कार्यालयाला काही आठवडे आधी पत्र लिहायचं आणि मजकुराचा मसुदा आपणच करून द्यायचा. पंधरा-वीस वर्षं लीग सांभाळलेल्या माणसासाठी हे करण्यासारखं आहे. त्याची मोठी झालेली मुलं दुसऱ्या गावाहून येतात, त्यांना तारीख आधीच कळवा.

सातवी पायरी: त्यांच्या हातातलं काहीतरी आपल्या हातात घ्या

"मला बेसबॉल येत नाही" ही सबब मी स्वतः दोन वर्षं दिली. पण फक्की मारायला बेसबॉल यावा लागत नाही. स्नॅक शॅकमध्ये उभं राहायला, पावत्या जुळवायला, संकेतस्थळ सांभाळायलाही नाही. क्रिकेटची स्कोअरबुकं भरलेल्या माणसाला बेसबॉलची स्कोअरशीट दोन सामन्यांत जमते. गोलंदाजाची षटकं मोजायची सवय असलेल्याला पिच काउंट तर लगेचच.

आधी स्वयंसेवकाचा अर्ज भरायचा. त्यानंतर पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि ती दरवर्षी होते, अगदी वीस वर्षं ओळख असली तरी. त्यात अपमान वाटून घेऊ नका, ती मुलांच्या सुरक्षेसाठी आहे. मुलांवरचे अत्याचार ओळखण्याचं आणि कळवण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं.

एच-वन-बी किंवा एच-फोर व्हिसावर असलेले पालक घाबरतात. धर्मादाय संस्थेत जे काम सगळे विनामोबदला करतात ते विनामोबदला करायला सहसा अडचण नसते. पण काही लीगमध्ये अंपायरना सामन्यामागे पैसे मिळतात. ती नोकरी ठरू शकते, म्हणून परवानगी नसेल तर एक डॉलरही घेऊ नका. शंका असेल तर कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला विचारा.

आणि एक गोष्ट आयटीतल्या मंडळींसाठी. अनेक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याने धर्मादाय संस्थेत दिलेल्या तासांबद्दल त्या संस्थेला देणगी देतात. कंपनीच्या पोर्टलवर तास नोंदवायचे, बाकी सगळं ती करते. कोचिंग करणाऱ्या कितीतरी बाबांनी हे तास कधी नोंदवलेलेच नसतात. त्यांच्याशेजारी बसून नोंदवून द्या. त्यांच्या हातून लीगला नवी हेल्मेटं आली, तर त्यांना त्याचं किती बरं वाटतं ते मी पाहिलं आहे.

लिटल लीगचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे उन्हाळा सरता सरता बहुतेक ठिकाणी वार्षिक सभा आणि कार्यकारिणीची निवडणूक होते. एखाद्या शाळेच्या ग्रंथालयात, कामाच्या दिवशी संध्याकाळी. बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात. त्या सभेला जा. मावळते अध्यक्ष हिशेब वाचतील, कोणी काही विचारणार नाही, आणि मग ते खिशातून शेडची किल्ली काढून टेबलावर ठेवतील. तेव्हा उभे राहून टाळ्या वाजवा. आणि घरी जाण्याआधी नव्या अध्यक्षांना विचारा, येत्या वसंतात शेड आवरायला कुठल्या शनिवारी यायचं.